चार तंतुवाद्ये आणि चाळीस वर्षे

मैफल म्हटली की आपल्याकडील श्रोत्याच्या डोळ्यांपुढे एक गवई उभा राहतो. मागे दोन तंबोरे, एका बाजूस तबला, दुसऱ्या बाजूस सारंगी अथवा पेटी. परंतु हा सारा सरंजाम त्या एका कंठासाठी. साथीदार कितीही जाणता असला तरी त्याने मुख्य गायकाचा माग घ्यावयाचा, त्याला आडवे जावयाचे नाही, हा मैफलीचा शिष्टाचार होय. युरोपातील अभिजात संगीतात मात्र एक प्रकार असा आहे, की त्यात मुख्य कोण आणि साथीचा कोण हा प्रश्नच मुळी उद्भवू नये अशी अपेक्षा असते. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो अशी चार तंतुवाद्ये घेऊन चार वादक अर्धवर्तुळात बसतात. पुढे हातात छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. सूर ठरवून देणारा पियानो नसतो. एकच ओळ दहा जणांनी मिळून वाजवावयाची आणि एकाची चूक नऊ जणांनी झाकावयाची, हा जो वाद्यवृंदातील आधार, तोही येथे नसतो. प्रत्येकाची ओळ निराळी, आणि ती वाजविणारा तो एकटाच. ह्या रचनेस, आणि ती वाजविणाऱ्या चौघांच्या संचासही, ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ हीच एक संज्ञा आहे.

व्हायोलिन आता आपल्या परिचयाचे झाले आहे. व्हायोला दिसावयास तसाच, परंतु अंगाने थोरला व आवाजाने एका पंचमाने खालचा. चेलो गुडघ्यांमध्ये धरून वाजवितात. त्याच्या तारा व्हायोलाहून एका सप्तकाने खाली लावलेल्या असतात. हे संगीत मूळचे मोठ्या सभागृहातले नव्हेच. धनिकांच्या दिवाणखान्यात, दहावीस मंडळींसमोर, पुष्कळदा वादकांच्या स्वतःच्याच करमणुकीसाठी ते वाजविले जाई. म्हणूनच त्यास ‘चेंबर म्युझिक’, म्हणजे खोलीतील संगीत, असे नाव पडले. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाचा हायडन ह्याने ह्या प्रकारास रूप दिले आणि अडुसष्ट क्वार्टेट रचले. मोझार्टने आपले सहा क्वार्टेट १७८५ साली छापून हायडनलाच अर्पण केले. बेथोव्हेनने सोळा लिहिले, आणि त्यांतील शेवटचे काही इतके गहन आहेत की त्यांचा अर्थ लावण्यात नंतरच्या कित्येक पिढ्या खपल्या. जर्मन कवी गटे ह्याने उतारवयात एका मित्रास लिहिताना क्वार्टेटला चार सुबुद्ध माणसांच्या संभाषणाची उपमा दिली. ती उपमा पुढे इतकी वापरली गेली की आता गुळगुळीत झाली आहे. तथापि तिच्याहून नेमकी दुसरी अद्याप कोणास सुचलेली नाही.

परंतु संभाषण म्हटले की मतभेद आलाच, आणि क्वार्टेटमध्ये तो मतभेद अगदी स्वरापासून सुरू होतो. हा भाग थोडा खोलात जाऊन पाहण्याजोगा आहे, कारण आपल्याकडील श्रुतींच्या वादाशी त्याचे सख्ख्या भावंडाचे नाते आहे. ह्या वाद्यांच्या तारा षड्ज-पंचम भावाने लावतात. चेलोची सर्वांत खालची तार षड्ज मानली तर तिच्या वरची पंचम, त्या पंचमाचा पंचम तो ऋषभ, त्याचा पंचम धैवत. आणि ह्याच क्रमाने आणखी एक पायरी चढले की व्हायोलिनची सर्वांत वरची तार येते, ती गंधार होय. प्रत्येक पायरी ३:२ ह्या शुद्ध प्रमाणात लावली असता हा गंधार षड्जाशी ८१:६४ ह्या प्रमाणात येतो. पण षड्जात सहज विरघळणारा, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार असतो ५:४, म्हणजेच ८०:६४ ह्या प्रमाणाचा. अंतर केवळ ८१:८० एवढेच. आपल्याकडील अभ्यासक प्रमाणश्रुतीचा मेळ ज्या अंतराशी घालतात तेच हे. चेलोवाल्याने आपली मोकळी तार छेडली आणि त्याच क्षणी व्हायोलिनवाल्याने आपली मोकळी तार छेडली, तर दोघांनीही आपापले वाद्य निर्दोष लावलेले असूनही जोडस्वर कडवट लागतो.

पेटीने व पियानोने हा तंटा एकदाच तडजोड करून मिटविला. प्रत्येक स्वर थोडाथोडा बेसूर करून सर्वांस सारखा न्याय दिला. ती तडजोड आपल्याकडे कित्येकांस मानवली नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स साहेब ह्यांनी अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्याच्या साहाय्याने श्रुतींचा शोध घेतला व श्रुतींची पेटीही करवून पाहिली. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली पेटीस आपल्या दारातून बाहेर घालविले आणि १९७१ पर्यंत तिला आत येऊ दिले नाही. क्वार्टेटच्या वादकांना मात्र अशी कायमची तडजोड उपयोगी पडत नाही. त्यांच्या वाद्यांस पडदे नसल्यामुळे प्रत्येक स्वर त्या त्या क्षणी बोटाने शोधावा लागतो. तोच स्वर जोडस्वरात स्थिर बसावयाचा असेल तर थोडा उतरता हवा, आणि वरच्या षड्जाकडे झेपावणारा निषाद असेल तर थोडा चढा हवा. मग कोणी सरकावयाचे? ज्याची ओळ त्या वेळी महत्त्वाची त्याने जागा धरावयाची आणि इतरांनी त्याच्याकडे सरकावयाचे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण महत्त्वाची ओळ कोणाची, हेच तर पुष्कळदा भांडणाचे मूळ असते! म्हणून चार उत्तम वादक एकत्र आणले की उत्तम क्वार्टेट होतो असे नाही. त्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे त्याच चौघांनी एकत्र काढावी लागतात.

अशी वर्षे ज्यांनी काढली त्यांत ‘अमाडेउस क्वार्टेट’चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ह्या संचाचा जन्म संगीतशाळेत झाला नाही. तो काटेरी तारांच्या कुंपणात झाला. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर व्हिएन्नातील हजारो ज्यू कुटुंबांवर देशोधडीस लागण्याची पाळी आली. त्यांतून इंग्लंडला पोहोचलेल्या मुलांत नॉर्बर्ट ब्रायनिन, झीगमुंड निसेल आणि पीटर शिडलोफ असे तिघे पंधरा-सोळा वर्षांचे व्हायोलिनवादक होते. १९४० साली महायुद्धाने उग्र रूप धारण केले तेव्हा इंग्रज सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन प्रजाजनांस शत्रुराष्ट्रीय ठरवून सरसकट अटकेत टाकले. हिटलरच्या हातून निसटलेली ही पोरे हिटलरची माणसे म्हणून कोंडली गेली! श्रॉपशर परगण्यातील एका छावणीत ब्रायनिन व शिडलोफ ह्यांची गाठ पडली. पुढे शिडलोफ ह्यांना आइल ऑफ मॅन ह्या बेटावर हलविले, तेथे त्यांना निसेल भेटले. त्या छावण्यांत प्राध्यापक होते, चित्रकार होते, गवयी होते. सक्तीच्या रिकामपणात तेथे व्याख्याने व मैफली चालत. सुटकेनंतर हे तिघे लंडनला माक्स रोस्टाल ह्या नामांकित गुरूंच्या हाताखाली शिकू लागले. रोस्टाल स्वतःही असेच निर्वासित होते. त्यांनी ह्या मुलांकडून फी घेतली नाही.

तीन व्हायोलिनवादकांचा क्वार्टेट होत नाही. कोणातरी एकाने आपले वाद्य सोडून व्हायोला हाती घेणे प्राप्त होते, आणि हा त्याग शिडलोफ ह्यांनी केला. त्याग हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नव्हे. व्हायोला हे त्या काळी उपेक्षित वाद्य. चांगल्या व्हायोलिनवादकाने ते घ्यावे म्हणजे राघूभूमिका करणाऱ्या नटाने एकाएकी दुय्यम पात्राचा अंगरखा चढवावा तसे होते. ब्रायनिन ह्यांनीही काही कमी सोडले नाही. १९४६ साली कार्ल फ्लेश ह्यांच्या नावे असलेली स्पर्धा जिंकून त्यांनी एकलवादकाचा मार्ग स्वतःस मोकळा करून घेतला होता. चौथे मार्टिन लव्हेट, चेलोवादक. वयाने सर्वांत धाकटे, जन्माने लंडनचे, आणि रोस्टाल ह्यांच्या शिष्यवर्गाबाहेरचे. संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट ह्यांच्या कन्या इमोजेन होल्स्ट ह्यांनी ह्या चौघांचे वादन ऐकले आणि लंडनमधील विग्मोर हॉल भाड्याने घेता यावा म्हणून शंभर पौंड दिले. तेथे १० जानेवारी १९४८ रोजी, मोझार्टचे मधले नाव धारण करून, अमाडेउस क्वार्टेट प्रथम रसिकांपुढे आला. सभागृह भरून गेले होते. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ह्या चौघांत एकही माणूस बदलला नाही.

ह्या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी इतर संचांकडे पाहावे. बुडापेस्ट क्वार्टेट १९१७ साली हंगेरीत स्थापन झाला. वीस वर्षांच्या आतच त्यात एकही हंगेरियन उरला नाही, चौघेही रशियातून आलेले होते, आणि तरी नाव तेच राहिले. अमेरिकेतील ज्युलियर्ड क्वार्टेट १९४६ पासून चालू आहे, पण त्याच्या संस्थापकांपैकी आज कोणी त्यात नाही. ह्यात गैर काही नाही. नाटक मंडळीतील नट बदलतात आणि मंडळी चालते, तसाच हा व्यवहार. अमाडेउसचा मार्ग निराळा होता एवढेच.

त्यांच्या तालमी शांत नसत. चौघेही हट्टी, चौघेही बोलके. एखाद्या स्वरगुच्छाच्या उच्चारावरून तासन्‌तास वाद चाले. टीकाकार म्हणत की ब्रायनिन ह्यांचे पहिले व्हायोलिन फार पुढे येते, त्यांच्या स्वरातील कंप व मींडेसारखी घसरण हायडन-मोझार्टला जरा जास्तच गोड करते, आणि चौघांचे संभाषण अधूनमधून एकाचे व्याख्यान होते. हा आक्षेप निराधार नाही. विशेषतः उत्तरकाळातील काही ध्वनिमुद्रणांत तो प्रत्ययास येतो. परंतु समतेचा अर्थ सर्वांनी सारख्याच मोठ्याने बोलणे असा घेतला तर कोणतेही कुटुंब समतेचे ठरणार नाही. ब्रायनिन पुढे जात तेव्हा खालून निसेल ह्यांचे दुसरे व्हायोलिन लय कशी धरून ठेवते, आणि शिडलोफ व लव्हेट त्या उसळीस कोठे वाट देतात व कोठे अडवितात, हे ज्याने लक्ष देऊन ऐकले त्यास नमते कोण आणि नमविते कोण ह्याचा उलगडा वाटतो तितका सोपा राहत नाही.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. १९४८ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे आहे, कारण त्याच वर्षी अमेरिकेत दीर्घकाल वाजणारी, म्हणजे लाँगप्ले, तबकडी बाजारात आली. तत्पूर्वीच्या मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. आपल्याकडील गवयांनी त्या अडचणीवर मात केली. अब्दुल करीम खाँ तीन मिनिटांत रागाचे सारे चित्र उभे करीत, कारण राग किती फुलवावयाचा हे त्यांच्या हातात होते. क्वार्टेटवाल्यांस ही मुभा नाही. बेथोव्हेनच्या एकशे एकतिसाव्या कृतीत सात भाग मध्ये न थांबता एकामागून एक येतात. त्यास सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि त्यातील एक स्वरही गाळता येत नाही. जुन्या तबकड्यांवर ती ऐकणाराला आठ-नऊ वेळा उठून तबकडी उलटावी वा बदलावी लागे. भर संभाषणात दर चार मिनिटांनी कोणी दार वाजवावे, तसाच हा प्रकार. लाँगप्ले तबकडीने व त्याच सुमारास आलेल्या चुंबकीय फितीने हे संकट टळले. पण फितीने एक नवा मोह निर्माण केला. फीत कापता येते, जोडता येते. एका आवृत्तीतील चांगला भाग दुसऱ्या आवृत्तीस सांधून निर्दोष तबकडी तयार करता येते. ज्या संगीताचा प्राणच परस्परांच्या क्षणोक्षणीच्या प्रतिसादात आहे, त्यास असे सांधकाम कितपत सोसते? जोडलेल्या दोन तुकड्यांत स्वर अचूक असतात, पण दुसऱ्या तुकड्यातील उत्तर पहिल्या तुकड्यातील प्रश्नास दिलेले नसते. ज्यांनी तीच कृती सभांतून शेकडो वेळा एकत्र वाजविली आहे, त्यांच्याच बाबतीत हा सांधा कानास कमी खटकतो. जुन्याजाणत्या संचांच्या ध्वनिमुद्रणांना जी किंमत येते तिचे एक कारण हे असावे.

अमाडेउसची मुख्य ध्वनिमुद्रणे ‘डॉईश ग्रामोफोन’ ह्या जर्मन कंपनीने केली. ही कंपनी १८९८ साली हानोव्हर शहरी निघाली, ती तबकडीच्या ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर ह्याच्या उद्योगातून. आणि बर्लिनर हा त्याच शहरात जन्मलेला ज्यू होता. (आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ह्यांचे जे पहिले ध्वनिमुद्रण झाले, त्याच्या तबकड्याही हानोव्हरलाच छापून आगबोटीने परत आल्या.) जर्मनीने ज्यांना घरातून हाकलले होते त्यांनी युद्ध संपून दहा वर्षे होतात न होतात तोच जर्मनीत जाऊन, जर्मन यंत्रांपुढे बसून, बेथोव्हेन व ब्राम्स वाजवावा, ही गोष्ट सोपी नव्हती. अनेक ज्यू कलावंतांनी त्या भूमीवर पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली होती, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. ह्या तिघांनी दुसरी वाट धरली. व्हिएन्नातील बालपणाचे जे काही त्यांच्यापाशी उरले होते ते हे संगीतच, आणि ते हिटलरच्या मालकीचे होते असे मानावयास ते तयार नव्हते.

१९५९ ते १९६३ ह्या काळात त्यांनी बेथोव्हेनचे सर्व क्वार्टेट ध्वनिमुद्रित केले. मोझार्ट, शूबर्ट, ब्राम्स व हायडन ह्यांच्या कृतींचीही मोठी रास झाली. काही कृती त्यांनी पुन्हापुन्हा मुद्रित केल्या. शूबर्टने मृत्यूपूर्वी दोनच महिने, १८२८ साली, लिहिलेल्या पंचकात एक चेलो अधिक लागतो. तो प्रथम दोनदा विल्यम प्लीथ ह्यांनी आणि अखेरच्या वर्षांत तरुण रॉबर्ट कोहेन ह्यांनी वाजविला. ही ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर तीस वर्षांत तीच चार माणसे कशी बदलली हे कळते. तरुणपणीची तडफ ओसरते, गती किंचित रेंगाळते, काही ठिकाणी बोटे पूर्वीसारखी धावत नाहीत, पण संथ भागात कोणी कोणाची वाट पाहत आहे असे वाटेनासे होते.

नव्या संगीताकडे त्यांचा ओढा कमी होता, हेही सांगितले पाहिजे. त्यातील मोठा अपवाद इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन ह्याच्या तिसऱ्या क्वार्टेटचा. ब्रिटनने तो १९७५ साली, हृदयविकाराने जर्जर असताना, ह्याच चौघांसाठी लिहिला; शेवटचा भाग व्हेनिसमध्ये पुरा केला. १९७६ च्या सप्टेंबरात त्यांनी तो ब्रिटनच्या घरी जाऊन त्याच्यासमोर वाजविला. ४ डिसेंबरला ब्रिटन वारला, आणि १९ डिसेंबरला स्नेप येथील सभागृहात त्यांनी तो लोकांपुढे सादर केला. त्या कृतीचा शेवट नीटसा मिटत नाही. वरचे स्वर विरतात आणि खाली चेलोचा एक स्वर थोडा अधिक काळ रेंगाळतो.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये पीटर शिडलोफ ह्यांचे हृदयविकाराने अकस्मात निधन झाले. उत्तम व्हायोलावादकांची तोपर्यंत वाण उरली नव्हती; ती वाण दूर करण्यात शिडलोफ ह्यांचाच मोठा वाटा होता. नवा माणूस घेतला असता तर नाव चालले असते, निमंत्रणे आली असती. उरलेल्या तिघांनी अमाडेउस क्वार्टेट तेथल्या तेथे बंद केला. पुढे ते तरुण संचांना शिकवीत राहिले. परंतु ते नाव घेऊन पुन्हा सभेस बसले नाहीत. ब्रायनिन २००५ साली, निसेल २००८ साली वारले. लव्हेट २०२० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. २०१७ साली कंपनीने त्यांची ध्वनिमुद्रणे सत्तर तबकड्यांच्या एका पेटीत एकत्र काढली.

ज्या वाचकाचा ह्या संगीताशी परिचय नाही, त्याने त्या राशीतून प्रथम मोझार्टचा १७८५ च्या जानेवारीत पुरा झालेला क्वार्टेट काढावा. त्यास ‘विसंवादी’ असे टोपणनाव आहे. आरंभी चेलो एकटाच षड्ज हळूहळू ठोकू लागतो. त्यावर व्हायोला येतो तो कोमल धैवत घेऊन. मग दुसरे व्हायोलिन कोमल गंधार लावते. कानाला वाटते की आता ह्या कोमल स्वरांचीच छाया पसरणार. तोच पहिले व्हायोलिन वरून शुद्ध धैवत लावते, आणि ऐकणारा दचकतो. चौघे एकेक करून आत आले आहेत आणि पहिल्याच वाक्यात त्यांचे एकमत नाही. बावीस मात्राखंडांपर्यंत ही ओढाताण चालते, मग एकाएकी आभाळ फाकल्याप्रमाणे स्वच्छ शुद्ध स्वरांत द्रुत लय सुरू होते. पहिल्या ऐकण्यात चौघांकडे लक्ष देण्याचा हव्यास धरू नये. पहिल्या व्हायोलिनचे आपोआप ऐकू येतेच. दुसऱ्या वेळी केवळ चेलोचा पाठलाग करावा. तिसऱ्या वेळी कोमल धैवत घेऊन जो मधला आवाज आला, त्याच्या मागे शेवटपर्यंत जावे. तो मधूनमधून हरवेल, पण पुन्हा सापडेल. तो आवाज शिडलोफ ह्यांचा.